जॉर्जियन भाषेचे उच्चार: लातूरहून थ्बिलिसीला निघालेल्या विद्यार्थिनीस उत्तर

वैद्यकीय शिक्षणासाठी तुम्ही लातूरहून जॉर्जियाच्या राजधानीत येण्याच्या तयारीत आहात आणि तुमची शंका तुम्ही नेमकी मांडली आहे. वर्गातले शिकवणे इंग्रजीत असले तरी पुढच्या वर्षांत रुग्णांशी जॉर्जियनमध्येच बोलावे लागते, हे तुम्हाला कळले आहे. त्यातच या भाषेत एका शब्दात आठ व्यंजने ओळीने येतात असे कुठेसे पाहून तुम्ही धास्तावला आहात. मराठी माणसाच्या जिभेला हे उच्चार जमतात का, निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी, आणि काहीच जमले नाही तर मोडक्या रशियनवर निभावेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी मूळचा सांगलीचा असून येथे साबुर्थालो भागात राहतो. भारतीय विद्यार्थ्यांच्या निवासव्यवस्थेचे काम पाहत असल्यामुळे नव्याने आलेल्या मुलांचे जॉर्जियन दरवर्षी कानावर पडते. त्या आधारावर सविस्तर लिहितो.

आठ व्यंजनांच्या त्या शब्दाचा निकाल आधी लावू. तो शब्द ‘ग्व्फ्र्छ़्ख्व्नी’ असा आहे आणि त्याचा अर्थ ‘तू आम्हांला सोलतोस’ असा होतो. पाहुण्यांना थक्क करण्यासाठी तो सांगितला जातो. दवाखान्यात किंवा बाजारात त्याची गरज पडल्याचे मी पाहिलेले नाही. मराठी माणसाची खरी अडचण जोडाक्षरांत नसून श्वासात आहे. कोणत्या व्यंजनाबरोबर हवा सोडायची आणि कोणत्या व्यंजनाच्या वेळी ती गळ्यातच अडवायची, यावर या भाषेत अर्थ बदलतो. या कामाची निम्मी तयारी आपल्या वर्णमालेने लहानपणीच करून घेतलेली असते. दुर्दैव असे, की बहुतेक विद्यार्थी ही भाषा रोमन अक्षरांतून शिकू लागतात आणि हाती असलेली ती तयारी पहिल्याच आठवड्यात गमावून बसतात.

या उत्तरात जॉर्जियन शब्द देवनागरीत लिहिताना मी एक सोय केली आहे. मराठी लेखनात नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, वापरत नाहीत, पण येथे तो लागेल. ‘ख़’ आणि ‘ग़’ ही घशातून घासत निघणारी व्यंजने आहेत, ‘क़’ पडजिभेपाशी अडवून काढायचा आहे, आणि ‘च़’, ‘छ़’, ‘ज़’ यांत जीभ दातांकडे न्यायची आहे. नुक्त्याविना लिहिलेले ‘च’ आणि ‘ज’ अनुक्रमे ‘चार’ आणि ‘जीव’ या शब्दांतल्यासारखे वाचावेत. ‘झ’ मात्र, पुढे सांगितलेला एक अपवाद सोडून, सर्वत्र ‘गझल’मधला समजावा.

जॉर्जियन लिपीत 33 अक्षरे आहेत, त्यांपैकी पाच स्वर आणि अठ्ठावीस व्यंजने. एका अक्षराचा एकच उच्चार होतो आणि लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारले जाते. स्वरांवर वेळ घालवण्याचे कारण नाही: आ, ए, इ, ओ, उ, एवढेच. ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच नाही. मी शब्दाच्या शेवटी दीर्घ ‘ई’ लिहितो तो केवळ मराठी लेखनाच्या सवयीने. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. आपला ‘अ’ या भाषेत नाही, त्यामुळे आभार मानताना ‘मदलोबा’ म्हणू नये, ‘मादलोबा’ म्हणावे. दोन स्वर शेजारी आले तर ते वेगवेगळे उच्चारावेत. चहाला येथे ‘छाइ’ म्हणतात आणि तो ‘छा-इ’ असा दोन अवयवांचा, म्हणजे दोन उच्चारखंडांचा, शब्द आहे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वरही नाहीत, म्हणून बँक ही ‘बांकी’ आणि ऑफिस हे ‘ओफिसी’ होते.

आता व्यंजनांकडे वळू. आपल्या वर्णमालेत ‘क ख ग घ’ अशी चार स्पर्शव्यंजनांची रांग असते. जॉर्जियनमध्ये अशा रांगेत तीनच व्यंजने असतात. एक घोष, म्हणजे आपला ग, द, ब. दुसरे महाप्राण, म्हणजे आपला ख, थ, फ. तिसरे आपल्याकडे नाही: त्यात जीभ किंवा ओठ क, त, प यांच्याच जागी मिटतात, परंतु त्याच वेळी गळाही मिटलेला असतो, आणि फुप्फुसांतली हवा न वापरता तोंडात कोंडलेल्या थोड्याशा हवेवर व्यंजन फुटते. घ, ध, भ ही घोष महाप्राण व्यंजने या भाषेत मुळीच नाहीत, त्यामुळे तुमच्या वर्गातल्या भाग्यश्रीला येथे ‘बाग्याश्री’ अशी हाक ऐकण्याची सवय करून घ्यावी लागेल.

मिटल्या गळ्याचे हे व्यंजन साधण्याची रीत अशी. जड पोते उचलताना आपण क्षणभर श्वास कोंडतो, तसा तो कोंडावा. त्या अवस्थेत गळ्याचे दार बंद असते. ते तसेच बंद ठेवून ‘क’ म्हणण्याचा प्रयत्न करावा. हवा बाहेर न येता फक्त एक कोरडा टिचका ऐकू आला, की व्यंजन जमले. त्यानंतर गळा सोडून स्वर जोडावा. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरली, तर ‘खा’ म्हणताना ती हलली पाहिजे आणि मिटल्या गळ्याचा ‘का’ म्हणताना ती जवळपास स्थिर राहिली पाहिजे. ‘त’ आणि ‘प’ यांचा सराव याच रीतीने होतो. पहिल्या काही दिवसांत मुले हा टिचका फार जोरात काढतात. जॉर्जियन लोक स्वतः तो बराच हलका काढतात. म्हणून माझा सल्ला असा, की आपले साधे अल्पप्राण क, त, प स्वच्छ आणि हवेविना म्हणता आले तरी सुरुवातीला पुरे मानावे. ऐकणारा ते बहुतेक वेळा योग्य अक्षर म्हणूनच घेतो, कारण त्याचे लक्ष हवा आली की नाही याकडे असते. इंग्रजी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला हा हवेविना ‘क’ शब्दाच्या आरंभी काढण्यासाठीच पुष्कळ मेहनत करावी लागते, आणि आपण तो ‘काका’ म्हणताना सहज काढतो.

हा भेद केवळ शोभेचा नाही. ‘कारी’ म्हणजे दार, ‘खारी’ म्हणजे वारा आणि ‘ख़ारी’ म्हणजे बैल. ‘पुरी’ म्हणजे रोटी, तर ‘फुरी’ म्हणजे गाय. ‘चिरी’ म्हणजे अरिष्ट आणि ‘छिरी’ म्हणजे सुकवलेले फळ. ‘च़ेली’ म्हणजे वर्ष, आणि कंबरही. ‘छ़ेली’ म्हणजे विळ्यासारखे गवत कापण्याचे लांब दांड्याचे हत्यार. डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी जोडी ‘क़ेली’ आणि ‘ख़ेली’ ही आहे: पहिला घसा, दुसरा हात.

येथे रोमन लिपीचा घात कळतो. नकाशावर खुथाइसी हे शहर, काख़ेथी हा द्राक्षमळ्यांचा प्रांत आणि क़ाझबेगी हा पर्वतातला तालुका, ही तिन्ही नावे रोमन ‘के’नेच सुरू होतात, आणि जॉर्जियनमध्ये ती तीन निराळी अक्षरे आहेत. रोमन ‘टी’चीही तीच कथा: थ्बिलिसी, बाथुमी, थेलावी, रुस्थावेली या सगळ्यांत ‘थ’ आहे, आणि आपण मराठी वर्तमानपत्रांत वाचून वाचून ‘तिबिलिसी’ आणि ‘बाटुमी’ म्हणत येथे उतरतो. 2002 मध्ये ठरलेल्या अधिकृत रोमन पद्धतीत मिटल्या गळ्याच्या व्यंजनापुढे वर एक स्वल्पविरामासारखी खूण करतात, पण रस्त्यांवरच्या फलकांवर आणि पारपत्रांत ती गाळलेली असते. खूण गेली की भेद गेला. म्हणून मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो, की पहिला शब्द शिकण्याआधी लिपी शिकावी, आणि वहीत उच्चार लिहायचाच असेल तर तो देवनागरीत लिहावा. ख आणि क, थ आणि त, फ आणि प यांना वेगळी अक्षरे असलेली लिपी आपल्या हाताशी असताना ती सोडून रोमनकडे जाण्यात काहीच शहाणपण नाही.

मराठी माणसाच्या काही सवयी मात्र आड येतात, आणि त्या हिंदी किंवा तेलुगू बोलणाऱ्या मित्रांच्या सवयींहून थोड्या निराळ्या आहेत. पहिली सवय ट आणि ड यांची. जॉर्जियनमध्ये मूर्धन्य व्यंजन एकही नाही; ट, ठ, ड, ढ, ण, ळ यांपैकी काहीच नाही. पण मेट्रो, टॅक्सी, टेलिफोन, पासपोर्ट, युनिव्हर्सिटी हे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात आणि आपण ते आपल्या इंग्रजी वळणाने ‘ट’सह म्हणतो. जॉर्जियनमध्ये ते ‘मेत्रो’, ‘ताख्सी’, ‘तेलेफोनी’, ‘पास्पोर्ती’, ‘उनिवेर्सितेती’ असे आहेत. युरोपीय भाषांतून आलेल्या शब्दांतले प, त, क बहुतेक वेळा मिटल्या गळ्याच्या अक्षरांनी लिहिले जातात, ही गोष्ट लक्षात ठेवली तर शेकडो शब्दांचा उच्चार आपोआप बरोबर येतो. ‘ताख्सी’ या शब्दात मात्र पहिले व्यंजन मिटल्या गळ्याचे आणि दुसरे महाप्राण आहे.

दुसरी सवय अधिक लपलेली आहे. आपण लिहिताना महाप्राण लिहितो, पण बोलताना शब्दाच्या मध्ये आणि शेवटी तो गिळतो. ‘दूध’ आणि ‘लाभ’ घरात कसे उच्चारले जातात ते एकदा लक्ष देऊन ऐकावे. जॉर्जियनमध्ये शेवटचा ‘थ’ गिळून चालत नाही, कारण समोरच्याला दिलेला मान पुष्कळदा त्या एका व्यंजनात असतो. ‘ख़ार’ म्हणजे ‘तू आहेस’ आणि ‘ख़ार्थ’ म्हणजे ‘तुम्ही आहात’. ‘रा ग्त्किवा’ म्हणजे ‘तुला काय दुखते’ आणि ‘रा ग्त्किवाथ’ म्हणजे ‘तुम्हांला काय दुखते’. सत्तरीच्या आजींच्या खाटेपाशी उभे राहून तो शेवटचा ‘थ’ गिळला, तर तुम्ही त्यांना एकेरीत विचारलेले असते. परदेशी मुलगी म्हणून त्या रागावणार नाहीत. तरीही लातूरमध्ये अनोळखी आजींना आपण ‘तुला’ म्हणत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

‘फ’चेही असेच. शहरी मराठीत ‘फळ’ आता वरचे दात खालच्या ओठावर टेकवून म्हणण्याची चाल पडली आहे. जॉर्जियनमध्ये तो दंतोष्ठ्य उच्चार नाही. दोन्ही ओठ मिटून हवेसह सोडलेला जुना, गावाकडचा ‘फ’ हाच येथे बरोबर आहे. फुटबॉलला ‘फेख़्बुर्थी’ म्हणतात. ‘फेख़ी’ म्हणजे पाय आणि ‘बुर्थी’ म्हणजे चेंडू. तुमच्या आजोबांच्या तोंडचा ‘फ’ या शब्दात घातला की झाले.

आता जिथे मराठी माणूस सर्वांच्या पुढे असतो, त्या जागेविषयी लिहितो. ‘चोर’ आणि ‘चार’ यांतले दोन ‘च’ आपण लहानपणापासून वेगळे म्हणतो, ‘जग’ आणि ‘जीव’ यांतले दोन ‘ज’ही. हिंदीभाषक सहाध्यायांना यातला दातांकडचा उच्चार नव्याने शिकावा लागतो. जॉर्जियनमध्ये या दोन्ही जागांवर पूर्ण तीन-तीनची रांग आहे. ‘चार’च्या जागी ज, छ आणि मिटल्या गळ्याचा च, ‘चोर’च्या जागी ज़, छ़ आणि मिटल्या गळ्याचा च़. आपण एकाच अक्षरात दोन उच्चार लपवतो, त्यांनी सहा उच्चारांना सहा अक्षरे दिली आहेत. ‘चोर’मधल्या ‘च’बरोबर हवा सोडली की ‘छ़’ मिळतो. हा एकच उच्चार आपल्याला घडवावा लागतो, आणि तो एका दुपारीत जमतो.

याच जागी एक खड्डाही आहे. ‘राजा’ किंवा ‘जागा’ म्हणताना आपण तो ‘ज’ कधी जीभ टेकवून काढतो, कधी न टेकवता ‘गझल’मधल्या ‘झ’सारखा, आणि अर्थ बदलत नसल्यामुळे फरक आपल्या कानाला जाणवत नाही. जॉर्जियन कानाला तो जाणवतो. ‘ज़े’ हा शेवार्दनाज़े यांसारख्या असंख्य आडनावांचा शेवट आहे आणि मूळ अर्थाने ‘पुत्र’. ‘झे’ हा ‘-वर’ या अर्थाचा प्रत्यय आहे, जसे ‘मागिदाझे’, म्हणजे टेबलावर. भावाला ‘ज़्मा’ म्हणतात, हाडाला ‘ज़्वाली’. दोन्हींत जीभ दातांमागे नक्की टेकली पाहिजे.

‘वाझा-फ्शावेला’ या रस्त्याच्या नावाशी तुमचा रोज संबंध येईल, कारण वैद्यकीय विद्यापीठ त्याच रस्त्यावर आहे. त्यातल्या ‘वाझा’मधले व्यंजन मात्र ‘गझल’चे नाही: ‘श’ म्हणत असताना मध्येच गळ्यात घोष सुरू केला की जे ऐकू येते ते. इंग्रजी ‘ट्रेझर’मध्ये तो उच्चार असतो. जॉर्जियनमध्ये तो फारसा येत नाही, त्यामुळे त्यावर यापेक्षा अधिक लिहीत नाही.

घशातल्या तीन व्यंजनांवर मात्र वेळ द्यावाच लागतो. ‘ख़’ हा उर्दू ‘ख़याल’मधला, जिभेचा मागचा भाग टाळूला पूर्ण न टेकता हवा घासत बाहेर जाते. आपण त्याऐवजी सरळ ‘ख’ म्हणतो, आणि त्यामुळेच बैलाचा वारा होतो. ‘ग़’ हे त्याचेच घोष रूप. ‘ग़्विनो’ म्हणजे वाइन, ‘द्ग़ेस’ म्हणजे आज. मेट्रोचे एक स्थानक ‘ग़्र्माग़ेले’ आहे. त्याच्या नावात हे व्यंजन दोनदा येत असल्यामुळे सरावाला ते फुकटचे वाक्य समजावे. ज्यांनी घरी गझला ऐकल्या आहेत, त्यांना या दोन व्यंजनांचा कान तयार असतो, जीभ तयार करावी लागते.

तिसरा ‘क़’ हा या भाषेतला सर्वांत कठीण उच्चार आहे. जिभेचे मूळ मागे पडजिभेपर्यंत न्यायचे, तेथे मार्ग पूर्ण बंद करायचा, त्याच वेळी गळाही मिटायचा आणि मग तो टिचका सोडायचा. मराठीत याच्या जवळ जाणारे काही नाही. उर्दूतल्या ‘क़लम’ची जागा बरोबर आहे, पण तेथे गळा मिटत नाही. पूर्वी या व्यंजनाला महाप्राण जोडीदारही होता. जॉर्जियनच्या भगिनीभाषेत, स्वान भाषेत, तो अजून ऐकू येतो, पण प्रमाण जॉर्जियनमध्ये तो ‘ख़’मध्ये मिसळून गेला आणि एकोणिसाव्या शतकातल्या लेखनसुधारणेत त्याचे अक्षरही वगळले गेले. त्यामुळे आज ‘क़’ आपल्या रांगेत एकटाच आहे. पण तो टाळता येत नाही. पाणी ‘च़्क़ाली’, कॉफी ‘क़ावा’, कान ‘क़ुरी’, घसा ‘क़ेली’. जॉर्जियन मंडळी परदेशी माणसाला हसत हसत जे वाक्य म्हणायला लावतात तेही याचेच: ‘बाक़ाक़ी च़्क़ाल्शी क़िक़िनेब्स’, म्हणजे बेडूक पाण्यात डरावतो. ते कधी ना कधी तुमच्यावर येणारच, तेव्हा पाठ करून या. सराव करताना मान किंचित मागे टाकून गुळण्या करण्याच्या स्थितीत जीभ न्यावी आणि तेथून ‘क’ म्हणावा. जागा सापडली की मान सरळ करावी.

जोडाक्षरांविषयी आता लिहितो, कारण त्यांचा धाक व्यर्थ असला तरी एक बारकावा खरोखर जाणून घेण्याजोगा आहे. शब्दाच्या आरंभी ओठ मिटून ‘म’ म्हणायचा आणि स्वर न लावता पुढच्या व्यंजनावर जायचे, ही गोष्ट ‘म्हैस’, ‘म्हणून’ म्हणणाऱ्यांना अगदी परकी नाही. ‘म्था’ म्हणजे डोंगर, ‘म्झे’ म्हणजे सूर्य, ‘म्केर्दी’ म्हणजे छाती. जुनी राजधानी ‘म्छ़ख़ेथा’ हीदेखील ‘म’ थोडा लांबवून मग ‘छ़ख़ेथा’ म्हटले की जमते. आपली चूक होते ती मध्ये चोरटा ‘अ’ किंवा ‘इ’ घालण्यात; ‘थिबिलिसी’ हे त्याचे उदाहरण. त्यावर उपाय म्हणजे शब्द मागून बांधणे. प्रशिक्षकाला ‘म्च़्व्र्थ्नेली’ म्हणतात. आधी ‘नेली’, मग ‘थ्नेली’, मग ‘र्थ्नेली’, मग ‘व्र्थ्नेली’, असे एकेक व्यंजन पुढे जोडत गेले की सहा व्यंजनांची ती रांग चार-पाच दिवसांत सरळ होते. शिवाय व्यंजनानंतरचा ‘व’ बोलण्यात फार हलका असतो, ओठ गोल केले की तो झाला, त्यामुळे रांग दिसते तेवढी लांब वाटत नाही.

बारकावा असा, की दोन स्पर्शव्यंजने जेव्हा एकजीव होऊन येतात, तेव्हा ती एकाच प्रकारची असतात: दोन्ही घोष, दोन्ही महाप्राण किंवा दोन्ही मिटल्या गळ्याची. ‘साद्गुरी’ म्हणजे स्थानक, त्यात ‘द्ग’ दोन्ही घोष. ‘छाइसुन्थ्खेथ’ म्हणजे श्वास आत घ्या, त्यात ‘थ्ख’ दोन्ही महाप्राण. ‘म्त्किवा’ म्हणजे मला दुखते, त्यात ‘त्क’ दोन्ही मिटल्या गळ्याची, आणि गळा दोघांसाठी मिळून एकदाच मिटायचा. घशातल्या व्यंजनांशीही जोड्या अशाच जुळतात: ‘द्ग़े’ म्हणजे दिवस, ‘थ्ख़ा’ म्हणजे शेळी, ‘त्क़े’ म्हणजे रान. ही शिस्त एकदा समजली की जोडाक्षर हे दोन कामांऐवजी एकच काम वाटू लागते, आणि ‘थावी म्त्किवा’, म्हणजे माझे डोके दुखते, हे रुग्ण दिवसभर म्हणत असलेले वाक्य कानाला एकसंध ऐकू येते.

आघाताची, म्हणजे शब्दातल्या एखाद्या अवयवावर पडणाऱ्या जोराची, काळजी करू नये. तो हलका असतो, बहुधा पहिल्या अवयवावर, आणि लांब शब्दांत शेवटून तिसऱ्यावर. मराठी सपाट बोलणे येथे शोभून दिसते. इंग्रजी माध्यमातली मुले एका अवयवावर जोर देऊन बाकीचे स्वर पुसट करतात, ते मात्र खटकते. ‘होय की नाही’ अशा प्रश्नाला वेगळा शब्द लागत नाही. वाक्याच्या शेवटी स्वर चढवून उतरवला की विधानाचा प्रश्न होतो. ‘पुरी गाख्व्थ’ हे सरळ म्हटले तर ‘तुमच्याकडे रोटी आहे’, आणि शेवट चढवून म्हटले तर ‘आहे का’.

निघण्यापूर्वीच्या तयारीबद्दल. उरलेल्या आठवड्यांत व्याकरणाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येथील क्रियापद हा मोठा विषय आहे आणि तो शिक्षकाविना उलगडत नाही. लिपी पक्की करावी. त्यानंतर एक ते दहा अंक घ्यावेत, कारण त्यांत थ, ख, ख़ आणि छ़ ही व्यंजने येऊन जातात: एर्थी, ओरी, सामी, ओथ्ख़ी, ख़ुथी, एख्व्सी, श्विदी, र्वा, छ़ख़्रा, आथी. चार, पाच, सहा आणि नऊ हे अंक स्वच्छ म्हणता आले, तर भाजीवाल्याशी पहिल्या दिवसापासून बोलता येईल. मग शरीराचे शब्द घ्यावेत: थावी डोके, थ्वाली डोळा, छ़ख़्विरी नाक, क़ुरी कान, क्बिली दात, गुली हृदय, मुछ़ेली पोट, सिस्ख़्ली रक्त. लक्षणांत ‘सिछ़ख़े’ म्हणजे ताप, ‘ख़्वेलेबा’ म्हणजे खोकला आणि ‘च़्नेवा’ म्हणजे रक्तदाब. श्वास सोडायला सांगताना ‘आमोइसुन्थ्खेथ’ म्हणतात. प्रत्येक शब्द जॉर्जियन माणसाच्या आवाजात ऐकावा, आपला आवाज ध्वनिमुद्रित करून शेजारी ठेवावा आणि केवळ एकच प्रश्न विचारावा: हवा जिथे यायला हवी तिथेच आली का?

भ्रमणध्वनीवर जॉर्जियन कळफलक आताच बसवून घ्यावा. तरीही घरमालकीण किंवा वर्गमित्र तुम्हांला रोमन अक्षरांत संदेश पाठवतील, आणि तो रोमन फलकांवरच्या रोमनहून निराळा असतो. तो कळफलकाच्या बटणांवर बेतलेला आहे. त्यात एक्स म्हणजे ‘ख़’, क्यू म्हणजे ‘ख’, के म्हणजे मिटल्या गळ्याचा ‘क’, वाय म्हणजे ‘क़’ आणि डब्ल्यू म्हणजे ‘च़’. डब्ल्यू, वाय, ए, एल, आय असे लिहून आले तर ते पाणी आहे, हे ओळखता आले पाहिजे.

रशियनविषयी थोडक्यात. वयस्क पिढीला ती येते आणि रुग्णांत वयस्क माणसे अधिक असतात, त्यामुळे ती निरुपयोगी नाही. पण विशी-पंचविशीतल्या परिचारिका आणि सहाध्यायी इंग्रजीकडे वळलेले आहेत. शिवाय या देशात भाषेचा प्रश्न साधा नाही. 1978 मध्ये नव्या संविधानाच्या मसुद्यात जॉर्जियनचे राजभाषेचे स्थान काढून घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 14 एप्रिल रोजी थ्बिलिसीत लोक रस्त्यावर उतरले आणि सोव्हिएत सत्तेला माघार घ्यावी लागली; तो दिवस आजही भाषेचा दिवस म्हणून पाळतात. रशियाशी झालेल्या 2008 च्या युद्धानंतर तर कोणाशी रशियनमध्ये बोलणे सुरू करावे, हे परक्या माणसाला सहज उमगत नाही. म्हणून आधी जॉर्जियनमध्ये अभिवादन करावे, ‘गामार्जोबाथ’, शेवटच्या ‘थ’सह, आणि समोरची व्यक्ती स्वतःहून रशियनकडे वळली तरच त्या भाषेत उत्तर द्यावे. तुमच्या हाती असलेल्या वेळात रशियन शिकायला घेऊ नये. तोच वेळ ‘क़’ला द्यावा.